संहितेत न सापडणारा माणूस : झाडीपट्टीतल्या विनोदी नटाचा इतिहास कसा शोधायचा?

'खडी गंमत' या नावाचा सरळ अर्थ उभ्याने केलेली गंमत. विदर्भाच्या पूर्वेकडचा हा जुना लोकनाट्यप्रकार आहे. ढोलकी, तुणतुणं, चोनका, शाहीर, बाईच्या वेशातला नाच्या आणि लोकांना हसवणारा गडी, सगळे उभेच. आता पुण्या-मुंबईत माईकसमोर एकटा उभा राहून हसवणाऱ्याला स्टँडअप कॉमेडियन म्हणतात. नावं इतकी जुळतात की 'स्टँडअपचा उगम झाडीपट्टीत' असा मथळा देऊन टाकावासा वाटतो. तो मोह टाळा. नाव जुळलं म्हणून वंशावळ जुळत नाही. दोघांमध्ये खरं साम्य आहे ते दुसरंच, आणि ते आपल्यासारख्या संशोधकांना अडचणीत टाकणारं आहे. दोघांचंही काम कागदावर नसतं.

चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया हा वैनगंगेच्या खोऱ्यातला, धानाचा आणि जंगलाचा पट्टा म्हणजे झाडीपट्टी. झाडी म्हणजे जंगल, इतकी साधी व्युत्पत्ती. दिवाळीच्या सुमारास धान निघायला लागतं, हातात थोडा पैसा येतो, मंडई भरते, पाहुणेरावळे येतात आणि नाटकं सुरू होतात. भाऊबीजेपासून होळीच्या आसपासपर्यंत हा हंगाम चालतो. नाटक रात्री उशिरा सुरू होतं आणि पहाटेपर्यंत जातं. कंपन्यांचं मुख्य ठाणं गडचिरोली जिल्ह्यातलं वडसा, म्हणजे देसाईगंज. गोंदिया-बल्लारशा लोहमार्गावरचं हे गाव. गावोगावची मंडळं तिथे येऊन नाटक ठरवतात, तारीख ठरवतात, आणि 'कॉमेडियन कोण आहे?' हेही विचारतात. हा शेवटचा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो. तिकीट घेणाऱ्याला लेखक माहीत नसला तरी चालतं, कॉमेडियन माहीत असावा लागतो.

मग त्याचा इतिहास लिहायला बसलो की काय होतं बघा.

मराठी नाट्येतिहासाची नेहमीची सुरुवात म्हणजे विष्णुदास भावे, सांगली, 1843. तिथून पुढे नाटककार, नाटकं, संगीत, नटसम्राट. ही सगळी मांडणी संहितेवर उभी आहे, कारण संहिता टिकते. ती टिकायला कायद्यानेही मदत केली आहे. 1876 साली इंग्रजांनी नाट्यप्रयोग नियंत्रणाचा कायदा केला, तेव्हापासून नाटकातले शब्द हा सरकारच्या काळजीचा विषय झाला. आज महाराष्ट्रात प्रयोगाआधी संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे द्यावी लागते. म्हणजे नाटकाचा कागद तयार होतो तो सरकारला दाखवण्यासाठीही. आता विचार करा, विनोदी नट स्टेजवर आयत्या वेळी जे बोलणार आहे ते त्या कागदात कसं येईल? वहीत दोन पानांत उरकणारा विनोदी प्रवेश प्रेक्षक रंगले की अर्धा तास चालू शकतो. गावच्या सरपंचाची फिरकी, समोर घोंगडी पांघरून पेंगणारा म्हातारा, यंदाचा धानाचा भाव, काल रात्री बंद पडलेली लाईट हे सगळं त्या अर्ध्या तासात येतं आणि पहाटे मंडपाबरोबर निघून जातं.

ही अडचण फक्त आपली नाही. शेक्सपिअरने हॅम्लेटच्या तोंडून विदूषकी नटांना बजावलं आहे की लिहून दिलंय तेवढंच बोला. लेखकाला ते बजावावं लागलं, म्हणजे नट पदरचं बोलत होते हे नक्की. काय बोलत होते ते मात्र गेलं. अमेरिकेतल्या लेनी ब्रूसची गोष्ट आणखी मजेशीर आहे. 1964 मध्ये न्यूयॉर्कमध्ये त्याच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. सरकारी निरीक्षक त्याच्या कार्यक्रमाला बसला, टिपणं काढली आणि ती साक्षीत सादर केली. ब्रूसची तक्रार अशी की हा माणूस माझा कार्यक्रम वाईट करतोय आणि शिक्षा मला होतेय. इतिहासात विनोदी माणसाचे शब्द उरतात ते अनेकदा असे, न हसणाऱ्या माणसाच्या टिपणांतून. दप्तरखान्यात काम करणाऱ्याने हे कायम लक्षात ठेवावं.

झाडीपट्टीत मात्र असा खटलाही हाताशी नाही. मग हाताशी काय आहे? एक उदाहरण घेतो.

कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीचे डॉ. परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री मिळाली. झाडीपट्टीच्या विनोदी नटाला मिळालेला हा मोठाच मान. त्या वेळी त्यांच्याविषयी सगळीकडे दोन आकडे छापून आले : 5000 च्या वर प्रयोग आणि 800 भूमिका. आपण असे आकडे वाचतो, 'बापरे' म्हणतो आणि पुढे जातो. थांबून जरा भागाकार करा. भाऊबीज ते होळी हे साधारण साडेचार महिने, म्हणजे 130-135 रात्री. त्यातल्या 100 रात्री काम मिळालं असं धरलं तर 5000 प्रयोगांना 50 हंगाम लागतात. रोज रात्री काम मिळालं तरी 37-38 हंगाम. म्हणजे आकडा अशक्य नाही, आयुष्यभराचा आहे. आता दुसरा भागाकार : 5000 भागिले 800, सव्वासहा. एका भूमिकेचे सरासरी सहाच प्रयोग!

मला हा सव्वासहाचा आकडा 5000 पेक्षा मोलाचा वाटतो. तुलनेसाठी बघा, प्रशांत दामले यांनी 2022 मध्ये 12,500 प्रयोगांचा टप्पा गाठला, पण त्यांची नाटकं त्या मानाने मोजकी आहेत. एकेका भूमिकेचे शेकडो प्रयोग. तिथे विनोद घासून घासून गुळगुळीत होतो, कुठे किती सेकंद थांबायचं हे अंगात मुरतं. झाडीपट्टीत सहा प्रयोगांत काय मुरणार? (सरासरी फसवी असते, मान्य. काही भूमिका शंभर वेळा झाल्या असतील, काही एकदाच. पण मग एकदाच झालेल्यांची संख्या आणखी वाढते, आणि मुद्दा आणखी घट्ट होतो.) इतक्या भूमिका कोणी शब्दशः पाठ करत नसतं. म्हणूनच तिथे प्रॉम्प्टर हा नाटकाचा कणा आहे. तालमी थोड्या, नट वेगवेगळ्या गावांहून आलेले, आणि प्रॉम्प्टरचा आवाज झेलत नाटक पुढे सरकतं. कॉमेडियनचं कौशल्य त्या आवाजातून सुटण्यात आहे. कधी सुटायचं, किती लांब जायचं आणि सहकलाकाराला वाक्य सापडेल अशा जागी परत कसं यायचं, ही त्याची खरी विद्या. तो भूमिका पाठ करत नाही, प्रसंग पाठ करतो. नवरा-बायकोचं भांडण, दारुड्या, उधारी मागणारा, शहरातून शिकून आलेला दीडशहाणा. हे साचे दंडारीत, खडी गंमतीत होतेच. नाटक आलं तेव्हा ते पडद्याच्या आत शिरले, असं माझं मत आहे. दोन भागाकारांमधून आपण नटाच्या डोक्यात काय साठलेलं असतं इथवर आलो. याला आमचे मार्गदर्शक 'आकड्याला बोलतं करणं' म्हणतात.

खुणे यांना 'विदर्भाचे दादा कोंडके' म्हटलं जातं. कौतुकच आहे ते, पण संशोधकाने या उपाधीकडेही जरा तिरक्या नजरेने बघावं. वसंत सबनीसांच्या 'विच्छा माझी पुरी करा'मध्ये कोंडके प्रयोगागणिक ताज्या घडामोडी घुसवत, त्या अर्थी तुलना बरोबर आहे. पण पुण्या-मुंबईच्या नटाला कधी कोणी 'पश्चिम महाराष्ट्राचे परशुराम खुणे' म्हणत नाही. कोणाचं नाव मोजपट्टी होतं आणि कोणाचं नाही, यातही इतिहास असतो.

इथून भाषेचा प्रश्न सुरू होतो. झाडीपट्टीच्या नाटकात नायक-नायिका बहुतेक वेळा प्रमाण मराठी बोलतात. झाडीबोली येते ती जास्त करून विनोदी पात्राच्या तोंडून. तिथे 'डोळा'चा 'डोरा' होतो, 'पाणी'चं 'पानी'. संस्कृत नाटकातही राजा संस्कृत बोलतो आणि विदूषक, ब्राह्मण असूनसुद्धा, प्राकृत बोलतो. मंडपातले हजार-दोन हजार लोक घरी जी बोली बोलतात ती स्टेजवर आली की हशा येतो. हा हशा कशाचा? आपली भाषा ऐकल्याचा आनंद, की आपली भाषा हसण्यासारखीच असते ही शिकवण? डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी झाडीबोलीच्या अभ्यासाला आणि साहित्याला उभं करण्यासाठी आयुष्य घातलं, त्या कामाच्या शेजारी ठेवून हा प्रश्न बघायला हवा. माझं मत विचाराल तर कॉमेडियनने बोली स्टेजवर जिवंत ठेवली, पण नायकाची बोली तिला होऊ दिलं नाही, आणि यात दोष त्याच्या एकट्याचा नाही. संहिता प्रमाण भाषेत लिहिणाऱ्यांचा आणि ती मागणाऱ्यांचाही आहे.

आणखी एक गोष्ट संहितेतून कळत नाही, ती म्हणजे नदी. चंद्रपूर आणि गडचिरोली यांच्यामधून वैनगंगा वाहते. अलीकडे ब्रह्मपुरी, पलीकडे आरमोरी, वडसा. गडचिरोलीत 1993 पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती 2015 मध्ये आली आणि 2021 मध्ये उठली. आता 'एकच प्याला'तल्या तळीरामापासून चालत आलेला दारुड्या डोळ्यांसमोर आणा. 2005 सालच्या हिवाळ्यात एका रात्री तो आरमोरीकडच्या गावात झिंगतोय, दुसऱ्या रात्री ब्रह्मपुरीकडच्या. शब्द तेच, लटपटणं तेच. पण एका काठावर तो गुत्त्यातून आलेला माणूस आहे, दुसऱ्या काठावर त्याला दारू मिळाली कुठून हाच एक विनोद आहे, आणि ज्या बायकांनी दारूबंदीसाठी मोर्चे काढले त्या समोर बसल्या आहेत. 2015 नंतर दोन्ही काठ सारखे झाले, 2021 नंतर पुन्हा वेगळे. संहिता वाचून यातलं काहीही हाती लागणार नाही. त्यासाठी जिल्ह्याचा नकाशा आणि शासननिर्णयांच्या तारखा शेजारी ठेवून बसावं लागतं.

तसंच पटाचं. शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत, दिवसा, नाटक रात्री. पटाला आलेली गर्दी रात्रीच्या नाटकाची प्रेक्षक. सर्वोच्च न्यायालयाने 7 मे 2014 च्या निकालाने शर्यती बंद केल्या, त्या महाराष्ट्रात डिसेंबर 2021 मध्ये पुन्हा सुरू झाल्या. मध्ये 2020 चा कोरोना. विनोदी नटाच्या पोटापाण्याचा इतिहास लिहायचा तर प्राण्यांच्या क्रूरतेविरुद्धचा कायदा वाचावा लागेल, हे प्रस्ताव लिहिताना कोणाच्या डोक्यात येतं? नटाला पैसे रात्रीवर मिळतात, त्यालाच 'नाईट' म्हणतात. नाईट गेली की पैसे गेले. उरलेले महिने शेती, मजुरी, छोटा धंदा. दिवसा झोप, संध्याकाळी गाडीत बसून जंगलातल्या रस्त्याने पुढचं गाव, हा चार महिन्यांचा दिनक्रम. नक्षलवादाच्या सावटातही हे रस्ते नाटकवाल्यांनी तुडवले.

ज्यांना या विषयात उतरायचं आहे त्यांच्यासाठी थोडं कामाचं. जुन्या कागदांत 'गडचिरोली' शोधत बसू नका. तो जिल्हा 26 ऑगस्ट 1982 ला झाला. त्याआधी सगळं चंद्रपूर, आणि त्याआधी 'चांदा'. मध्य प्रांताचं 1909 चं चांदा गॅझेटियर जमीन, जंगल, महसूल यांच्यासाठी उत्तम आहे, म्हणजे पैसा गावात कधी येत होता ते त्यातून उभं करता येतं. ग्रिअर्सनच्या भाषासर्वेक्षणाचा 1905 चा मराठीचा खंड बोलीसाठी बघा. जुनं दप्तर नागपूरला शोधा, मुंबईला नंतर जा. हा भाग 1956 पर्यंत मुंबईशी जोडलेलाच नव्हता. नाटकाच्या जाहिराती जपा. त्यावर नाव कोणाचं मोठं छापलंय, फोटो कोणाचा वर आहे, हे वर्षानुवर्षं लावून बघितलं तर कॉमेडियनचा भाव कधी चढला ते दिसेल. प्रॉम्प्टरला भेटा, नटाच्या आधी भेटा. संहिता आणि प्रयोग यांतलं अंतर रोज रात्री मोजणारा तोच एक माणूस आहे.

आणि प्रयोगाला बसाल तेव्हा विनोद उतरवून घेण्याच्या मागे लागू नका. वहीत दोन रकाने करा : एकात वेळ, दुसऱ्यात हशा कुठून आला. पुढून, मागून, बायकांच्या बाजूने, की पोरांकडून. स्वेटर, पांघरूण आणि पाण्याची बाटली सोबत ठेवा. नाटक अकराला सुरू झालं तर पहिला विनोदी प्रवेश यायला बारा वाजतात आणि शेवटच्या प्रवेशापर्यंत दव पडून वहीची पानं ओली होतात, त्यामुळे शाईचा पेन नको, शिसपेन्सिल घ्या.