डोंगर पडला शिमाबारात, लाट गेली हिगोला

"आमच्या मॉड्यूलमध्ये सगळं ठीक आहे, पलीकडच्या टीमला विचारा." ऑफिसात हे वाक्य ऐकलं की मला हल्ली जपानमधला एक डोंगर आठवतो.

क्युशू बेटाच्या पश्चिमेला शिमाबारा द्वीपकल्प आहे. मधोमध उन्झेन हा ज्वालामुखी, आणि त्याच्या पूर्वेला, शिमाबारा गावाच्या अगदी डोक्यावर, ८१९ मीटर उंचीचा मायुयामा. हा उन्झेनचाच एक जुना घुमट. घट्ट लाव्हा वर येऊन जागच्या जागी साचला की असा डोंगर तयार होतो. खाली आरिआके समुद्र, आणि साधारण २० किलोमीटरवर पलीकडचा किनारा, म्हणजे तेव्हाचा हिगो प्रांत, आजचा कुमामोतो.

१७९२ च्या सुरुवातीला उन्झेनचं फुगेन शिखर जागं झालं. लाव्हा वाहू लागला, भूकंप होत राहिले. हिगोच्या दृष्टीने हे सगळं समुद्रापलीकडचं, दुसऱ्याच्या हद्दीतलं. २१ मे रोजी मोठा भूकंप झाला आणि कोसळला तो मायुयामा, ज्यातून या उद्रेकात लाव्हाचा थेंबही आला नव्हता! पूर्वेचा उतार गावाच्या बाजूने थेट समुद्रात गेला. त्यातून उठलेली त्सुनामी हिगोवर जाऊन आदळली. दोन्हीकडे मिळून सुमारे १५,००० माणसं गेली. ज्वालामुखीमुळे जपानमध्ये झालेली ही सगळ्यात मोठी जीवितहानी. जपानीत या घटनेला 'शिमाबारा तायहेन, हिगो मेइवाकु' म्हणतात. म्हणजे साधारण, शिमाबारावर संकट आणि हिगोला भुर्दंड.

मायुयामाच्या अंगावरचा तो घाव आजही दिसतो. शिमाबाराजवळच्या समुद्रात छोटी छोटी बेटं आहेत, ती त्याच डोंगराचे तुकडे.

बरं, गोष्ट तिथे संपत नाही. १९९० मध्ये उन्झेन पुन्हा पेटला. ३ जून १९९१ ला तापलेली राख, वायू आणि दगडांचा लोट उतारावरून आला आणि ४३ जण गेले. त्यात पत्रकार होते, अग्निशमन दलाचे लोक होते, कातिया आणि मॉरिस क्राफ्ट हे ज्वालामुखी अभ्यासक दांपत्यही होतं. १९९५ पर्यंत चाललेल्या त्या उद्रेकाने १,४८३ मीटर उंचीचं एक नवं शिखर उभं केलं. 'हेइसेइ शिन्झान' त्याचं नाव. तोही लाव्हाचा घुमटच, आणि तो ढासळेल म्हणून त्याच्यावर सतत नजर असते.

हद्दी आपण नकाशावर आखतो. मधलं पाणी मात्र दोन्ही किनाऱ्यांचं एकच असतं.