कॅमेऱ्यासमोरचा संकोच : कारणे आणि उपाय

आयर्लंडमधील मराठी कुटुंबांना व्यावसायिक छायाचित्रकाराची गरज अनेक निमित्तांनी पडते. नवी नोकरी शोधताना, बारशाला, किलार्नी किंवा डब्लिन येथील नागरिकत्व समारंभानंतर आणि भारतातून आई-वडील काही महिन्यांसाठी आले असता. यांतील शेवटचे निमित्त सर्वांत नाजूक. तीन पिढ्या एकत्र येण्याचा योग वारंवार येत नाही आणि ते छायाचित्र पुढे कित्येक वर्षे घराच्या भिंतीवर राहते. नेमक्या अशाच वेळी ‘माझे फोटो कधी चांगले येतच नाहीत’ हे वाक्य ऐकू येते.

हा संकोच चेहऱ्याचा वा स्वभावाचा दोष नव्हे. पुढे काय होणार हे ठाऊक नसणे, हातांना काम नसणे आणि परिणामावर आपला ताबा नसणे, या तीन गोष्टींतून तो उपजतो. त्या दूर करणे हा छायाचित्रकाराच्या कामाचाच भाग आहे.

संकोच कोठून येतो

आपला चेहरा आपण आयुष्यभर आरशात पाहतो. छायाचित्रात मात्र तो इतरांना दिसतो तसा उमटतो. डाव्या नाकपुडीतली नथ आरशात आपल्या डाव्या हाताला दिसते, छायाचित्रात उजव्या हाताला. मिटा, डर्मर आणि नाइट या संशोधकांनी १९७७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लोकांनी स्वतःची आरशातील प्रतिमा पसंत केली, तर त्यांच्या स्नेह्यांनी खरी प्रतिमा. स्वतःचे छायाचित्र ‘कसेसेच’ वाटण्याचे हे एक साधे कारण आहे.

दुसरे कारण अंतराचे. हातभर अंतरावरून फोनने टिपलेल्या चेहऱ्यात नाक मोठे आणि कान मागे गेलेले दिसतात. तोच चेहरा दीड-दोन मीटरवरून टिपला की प्रमाणबद्ध दिसतो. म्हणूनच व्यक्तिचित्रणासाठी ८५ मिलिमीटरच्या आसपासची लेन्स वापरण्याचा प्रघात आहे.

स्थलांतरितांच्या बाबतीत तिसरेही कारण संभवते. पासपोर्टच्या छायाचित्रात चेहरा निर्विकार आणि ओठ मिटलेले असावे लागतात. कागदपत्रांसाठी वर्षानुवर्षे असेच उभे राहिल्यावर कॅमेरा दिसताच अंग ताठ होणे स्वाभाविक आहे.

जुना प्रश्न, जुने तोडगे

डब्लिनमधील पहिला व्यावसायिक छायाचित्र स्टुडिओ १८४१ साली रोटुंडा येथे सुरू झाला. त्या काळी कित्येक सेकंद निश्चल बसावे लागे आणि डोके हलू नये म्हणून मानेमागे लोखंडी आधार लावला जाई. जुन्या चित्रांतील गंभीर चेहऱ्यांमागे हीही अडचण होती.

भारतात लाला दीनदयाळ यांनी १८९२ साली सिकंदराबाद येथे पडद्यातील स्त्रियांसाठी स्वतंत्र जनाना स्टुडिओ उघडला आणि त्याचे काम एका ब्रिटिश महिलेकडे सोपवले. समोर कोण उभे आहे आणि आजूबाजूला कोण पाहत आहे, यावर मोकळेपणा अवलंबून असतो, हे त्यांनी ओळखले होते.

डब्लिनच्या ओ’कॉनेल पुलावर आर्थर फील्ड्स १९३० च्या दशकापासून १९८० च्या दशकापर्यंत येणाऱ्या-जाणाऱ्यांची छायाचित्रे घेत. त्यांतील माणसे बहुधा चालत असतात. चालणाऱ्या माणसाला हातांचे काय करावे हा प्रश्न पडत नाही.

भेटीपूर्वी

छायाचित्रणाआधी दहा मिनिटांचे फोनवरील बोलणे पुष्कळ काम सोपे करते. किती वेळ लागेल, कोणते कपडे सोयीचे, छायाचित्रे कशासाठी हवी आहेत आणि कोणत्या गोष्टीची धास्ती वाटते, हे तेव्हाच विचारावे. चष्म्यावरचे प्रतिबिंब, दातांविषयीची लाज, पोटाची काळजी अशा बाबी समजल्या तर त्यांवर प्रकाश, कोन व बैठक यांनी तोडगा काढता येतो.

डब्लिनमध्ये डिसेंबरात सूर्य सकाळी पावणेनऊच्या सुमारास उगवतो आणि दुपारी चारनंतर लगेच मावळतो. जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो. वेळ त्यानुसार ठरवावी. थंडीने खांदे आखडतात आणि तो आखडलेपणा छायाचित्रात संकोचासारखाच दिसतो. साडीवरचा कोट शेवटच्या क्षणापर्यंत अंगावर राहू द्यावा. पावसासाठी आडोशाची पर्यायी जागाही आधीच ठरवावी.

प्रत्यक्ष छायाचित्रण

‘रिलॅक्स व्हा’ या सूचनेने कोणी सैल होत नाही. त्याऐवजी करता येण्याजोगे काही सांगावे : वजन मागच्या पायावर घ्या, हनुवटी किंचित पुढे आणून जराशी खाली करा, डोळे मिटा आणि तीन म्हटल्यावर उघडा. हातांना काम द्यावे : पदर सावरणे, चहाचा कप, नातवाचा हात, फेट्याचा शेमला. पदर वा केस नीट करायचे असल्यास छायाचित्रकाराने आधी विचारावे. शक्यतो घरच्यांनाच करू द्यावे.

फ्रेंच वैद्यक ड्युशेन यांनी १८६२ साली दाखवून दिले, की मनापासून आलेल्या हसण्यात ओठांबरोबर डोळ्यांभोवतीचा स्नायूही आकुंचन पावतो आणि तो सहसा हुकमाने हलत नाही. म्हणून ‘हसा’ म्हणण्यापेक्षा बोलते करणे बरे. आजीला नातवाच्या खोड्या विचाराव्यात, काकांना त्यांच्या गावचा रस्ता. छायाचित्रकार आयरिश असेल तर मुलाने वा सुनेने लेन्सच्या अगदी शेजारी उभे राहून मराठीत बोलावे. नजर आपोआप कॅमेऱ्याकडे येते.

पहिली काही छायाचित्रे सरावाची समजावीत. त्यांतले एखादे चांगले लवकर दाखवावे. प्रत्येक दाखवू नये, नाहीतर माणूस स्वतःची परीक्षा घेऊ लागतो. लहान मुलांसमवेत अर्धा तास पुरेसा, तोही झोप आणि खाणे झाल्यावर.

त्वचेचा रंग

कोडॅकच्या रंगछपाईत दीर्घकाळ प्रमाण मानलेल्या ‘शर्ली कार्ड’वर गोरी स्त्री असे. आजच्या कॅमेऱ्यातही पांढऱ्या धोतरामुळे वा उजळ आकाशामुळे सावळा चेहरा काळवंडू शकतो. प्रकाशमापन चेहऱ्यावरून करणे हा त्यावरचा उपाय. संपादनात न विचारता रंग उजळवणे मात्र अनुचित. स्वतःचाच रंग बदललेला पाहून गेलेला विश्वास सहज परत येत नाही.

संमती आणि हक्क

ओळखू येणाऱ्या व्यक्तीचे छायाचित्र हा २५ मे २०१८ पासून लागू झालेल्या युरोपीय जीडीपीआर नियमांनुसार वैयक्तिक माहितीचा भाग ठरू शकतो. आयर्लंडच्या २००० सालच्या कॉपीराइट कायद्यानुसार स्वामित्वहक्क सर्वसाधारणपणे छायाचित्रकाराकडे असतो. तथापि खासगी व घरगुती कारणासाठी छायाचित्र काढवून घेणाऱ्याला ते जाहीर न होऊ देण्याचा हक्कही त्याच कायद्याने दिला आहे. जाहिरातीसाठी वापराची परवानगी स्वतंत्रपणे आणि लेखी मागितली जावी. फोटो कोठे जाणार हे आधी ठाऊक असेल तर समोर बसणे सोपे होते.

ठरवण्यापूर्वी विचारावे

किती वेळ व किती छायाचित्रे मिळणार? निवड कोण करणार? संपादनात काय बदलले जाईल? पाऊस आला तर काय? न आवडल्यास पुन्हा काढता येतील का? या पाच प्रश्नांना शांतपणे उत्तरे देणारा छायाचित्रकार कॅमेऱ्यामागेही बहुधा तसाच वागतो.