पाणी संपल्यावर

इंजिनात पाणी गेलं की इंजिन गेलं, हे मुंबईकराला वेगळं सांगायला नको. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर गॅरेजवाल्यांकडे गाड्यांच्या रांगा लागल्या होत्या, आणि त्यातल्या अनेक गाड्या बुडल्यामुळे नव्हे, तर बुडलेल्या गाडीला स्टार्टर मारल्यामुळे कामातून गेल्या होत्या. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी भरलेलं असताना पिस्टन वर आला की कनेक्टिंग रॉड वाकतो. संपला विषय.

मग काही लोक मुद्दाम टाकी बसवून, पंप लावून, बारीक नोझलमधून चालत्या इंजिनात पाणी फवारतात, ते वेडे आहेत का? नाहीत. आणि ही काही आजकालच्या पोरांची टूमही नाही. हंगेरीच्या दोनात बांकी यांनी १८९० च्या दशकातच असं इंजिन करून दाखवलं होतं.

जुनी फियाट किंवा ॲम्बॅसिडर घेऊन ज्यांनी खंडाळ्याचा घाट चढलाय त्यांना एक आवाज नक्की आठवत असेल. गिअर वरचा, चढ मोठा, गाडीत सहा माणसं, आणि बॉनेटखालून कोणीतरी पत्र्याचा डबा वाजवतंय असा टकटक आवाज. तेच नॉकिंग. ठिणगी पडल्यावर मिश्रण एका टोकापासून दुसरीकडे शिस्तीत जळत जायला हवं. पण ज्वाळा पोचायच्या आत उरलेलं मिश्रण उष्णतेने आणि दाबाने आपलं आपणच भडकलं, की तो टोला पिस्टनवर बसतो. टर्बो किंवा सुपरचार्जर लावलेल्या इंजिनात तर हवा आधीच दाबून कोंबलेली असते, आणि दाबलेली हवा तापते (सायकलच्या चाकात हवा भरताना पंपाचं बूड हाताला चटका देतं, तेच). म्हणजे ताकद हवी म्हणून जास्त हवा कोंबावी, तर नॉकिंग आडवं येतं. घाटातलं नॉकिंग गिअर खाली घेतल्यावर थांबायचं. जोरात कोंबलेल्या इंजिनातलं नॉकिंग काही सेकंदांत पिस्टनला भोक पाडू शकतं.

इथे पाणी कामाला येतं, आणि ते कसं हे आपल्याला माठाने शिकवलेलं आहे. एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला साधारण ५४० कॅलरी उष्णता लागते. मिथेनॉलला त्याच्या निम्मी, आणि पेट्रोलला जेमतेम सहावा-सातवा हिस्सा. त्यामुळे पाण्याचा बारीक फवारा तापलेल्या हवेतली आणि जळणाऱ्या मिश्रणातली उष्णता खाऊन टाकतो. नॉकिंग मागे सरकतं, आणि तेवढी जास्त हवा कोंबायला जागा होते. पाणी स्वतः ताकद देत नाही. ते फक्त परवानगी देतं. ब्रिटनचे हॅरी रिकार्डो, ज्यांनी नॉकिंगचा पद्धतशीर अभ्यास केला, त्यांनी सुपरचार्ज केलेल्या इंजिनावर पाणी फवारून हे नीट मोजून दाखवलं होतं.

पण परवानगी म्हटली की ती काढून घेतल्यावर काय, हा प्रश्न आलाच. पाणी संपलं, आणि इंजिनाला ते कळलंच नाही तर? या विषयावर मिळेल ते वाचत गेलो तेव्हा मला वाटायला लागलं की हा सगळा इतिहास ताकदीचा नाहीच, या एका प्रश्नाचा आहे.

दुसऱ्या महायुद्धात जर्मनांकडे चांगल्या प्रतीचं जास्त ऑक्टेनचं पेट्रोल तुटपुंजं होतं. त्यांनी १९४४ मध्ये मेसरश्मिट १०९ विमानात सरसकट एमडब्ल्यू ५० बसवायला सुरुवात केली. नाव साधं आहे. मेथानोल-वासर, निम्मं निम्मं, शिवाय थोडंसं गंजरोधक तेल. डाइमलर-बेंझचं जे इंजिन एरवी १४७५ अश्वशक्ती द्यायचं ते यावर १८०० पर्यंत जायचं. गंमत म्हणजे मिथेनॉल त्यात मुख्यतः पाणी गोठू नये म्हणून होतं. उंचावर बाहेर उणे ५० तापमान असताना नुसतं पाणी टाकीतच दगड झालं असतं. थंड करायचं बरंचसं काम पाण्याचंच. मर्यादा मात्र कडक होती. सलग दहा मिनिटांपेक्षा जास्त नाही, आणि पुन्हा वापरायच्या आधी निदान पाच मिनिटं विश्रांती.

अमेरिकनांकडे पेट्रोल उत्तम होतं, तरी त्यांनीही हेच केलं. पी-४७ थंडरबोल्टचं प्रॅट अँड व्हिटनी इंजिन, १८ सिलिंडर, ४६ लिटर. पाण्याविना २००० अश्वशक्ती, पाण्यासह २३००, तीही फक्त आणीबाणीत पाच मिनिटं. मला आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. एरवी जोर लावताना या इंजिनांना गरजेपेक्षा जास्त पेट्रोल पाजावं लागायचं. ते जास्तीचं पेट्रोल जळण्यासाठी नसून थंड करण्यासाठी असायचं. पाणी आल्यावर ते काम पाणी करणार, म्हणून पेट्रोल कमी करायचं. ते कमी करणारी झडप कोण चालवणार? इंजिनियरांनी ती पाण्याच्याच दाबावर चालवली. पाण्याचा दाब आहे तोवर पेट्रोल कमी. पाणी संपलं, दाब पडला, की स्प्रिंगच्या जोराने झडप उघडणार आणि इंजिन पुन्हा भरपूर पेट्रोल प्यायला लागणार. त्यात वैमानिकाने काही लक्षात ठेवायची गरज नाही. लढाईत सापडलेल्या पोरसवद्या वैमानिकाच्या स्मरणशक्तीवर त्यांनी भरवसा ठेवला नाही. शहाणी माणसं!

युद्धानंतर हीच युक्ती प्रवासी विमानांत आली. आपला खरा संबंध येतो तो इथे. कानपूरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सने बनवलेली ॲव्हरो ७४८ विमानं (पहिलं उड्डाण नोव्हेंबर १९६१) हवाई दलाने आणि इंडियन एअरलाइन्सनेही वापरली. त्यांच्या रोल्स-रॉइस डार्ट इंजिनांत पाणी-मिथेनॉलची सोय होती. टर्बाइनमध्ये नॉकिंग नसतं. तिथे भर उन्हाळ्यातल्या विरळ, गरम हवेत उड्डाणाच्या वेळी घटलेली ताकद भरून काढायला फवारा लागायचा.

आता गाड्यांकडे. १९६२ मध्ये अमेरिकेत ओल्ड्समोबिलने जेटफायर नावाची गाडी बाजारात आणली. टर्बो लावून विकायला काढलेल्या अगदी पहिल्या दोन मोटारींपैकी ही एक. दुसरी शेव्हरोलेची कॉर्व्हेअर मॉन्झा स्पायडर, तीही त्याच वर्षीची. कॉर्व्हेअरवाल्यांनी सरळ मार्ग धरला. कॉम्प्रेशन ८ वर उतरवलं आणि मोकळे झाले. ओल्ड्समोबिलवाल्यांना मात्र साडेतीन लिटरच्या ॲल्युमिनियम व्ही-८ मधून २१५ अश्वशक्ती हवी होती, आणि कॉम्प्रेशन १०.२५ वरून खाली यायची तयारी नव्हती. तेव्हा कॉम्प्युटर नाही, नॉक सेन्सर नाही. त्यांनी बॉनेटखाली एक छोटी टाकी दिली आणि तिच्यात भरायच्या द्रवाला नाव दिलं 'टर्बो रॉकेट फ्लुइड'. म्हणजे काय, तर डिस्टिल्ड पाणी, मिथेनॉल आणि किंचित गंजरोधक. नावं ठेवावीत ती अमेरिकनांनीच!

आणि त्यांनीही थंडरबोल्टवाल्यांसारखाच विचार केला होता. द्रव संपला की एक वेगळी झडप हवेची वाट अडवायची. गाडी चालायची, पण टर्बोचा जोर मिळायचा नाही. इंजिन सुरक्षित. कागदावर यात काही चूक काढता येत नाही.

मग घोळ कुठे झाला? माणसात. १९६२ चा अमेरिकन गिऱ्हाईक पेट्रोल भरायचा, ऑइल बघायचा, फार तर रेडिएटरमध्ये पाणी घालायचा. त्यात ही आणखी एक टाकी! भरायचं राहून जायचं. टाकी रिकामी, झडप बंद, आणि मालक शोरूममध्ये तक्रार घेऊन हजर की एवढे पैसे मोजले आणि गाडी घोड्यासारखी पळण्याऐवजी बैलासारखी चालते. दोन वर्षांत साडेनऊ हजारांच्या आसपास जेटफायर विकल्या गेल्या. १९६५ मध्ये कंपनीने मालकांना सांगितलं की आणा गाडी, टर्बो काढून साधा कार्ब्युरेटर फुकट बसवून देतो. बऱ्याच जणांनी दिला बसवून. म्हणून आज मूळ टर्बोसकट जेटफायर दुर्मिळ आहे. (याच इंजिनाच्या ब्युइकमधल्या भावंडाचे हक्क रोव्हरने घेतले, आणि पुढे ते रेंज रोव्हरमध्ये कित्येक वर्षं धावलं. टर्बोविना. फ्लुइडविना.)

लोक जेटफायरला फसलेला प्रयोग म्हणतात. मला ते पटत नाही. पाणी संपल्यावर इंजिन वाचवायचं हे काम तिने चोख केलं. मालकाच्या सवयी बदलणं तिच्या हातात नव्हतं.

संपलेल्या टाकीपेक्षा वाईट काय? चुकीच्या गोष्टीने भरलेली टाकी. ६ सप्टेंबर १९७१ रोजी पॅनइंटरनॅशनल कंपनीचं बीएसी वन-इलेव्हन विमान हँबर्गहून स्पेनमधल्या मालागाला निघालं. उड्डाणाच्या वेळी इंजिनांत फवारायच्या पाण्याच्या टाकीत चुकून केरोसीन, म्हणजे विमानाचं इंधनच, मिसळलं गेलं होतं. थंड करायला म्हणून फवारलं ते उलट आगीत तेल! दोन्ही इंजिनं जळून बंद पडली. वैमानिकांनी विमान ऑटोबानवर उतरवलं, ते पुलावर आदळलं, आणि १२१ पैकी २२ माणसं गेली. दाब होता, प्रवाह होता, टाकीत भरपूर द्रव होता. कुठलीही झडप हे ओळखू शकत नव्हती.

त्यानंतर गाड्यांमध्ये हा प्रकार येत-जात राहिला. स्वीडनच्या साबने ९९ टर्बोला पाण्याची जोड देऊन पाहिली, १९८० च्या दशकात फॉर्म्युला वनच्या टर्बो इंजिनांत फेरारी आणि रेनॉ यांनी पाणी वापरलं. मग २०१६ मध्ये बीएमडब्ल्यूने एम-४ जीटीएस काढली, फक्त ७०० गाड्या, बॉशची यंत्रणा, डिकीत पाच लिटरची टाकी, ५०० अश्वशक्ती. मिथेनॉल नाही, नुसतं पाणी. गाडी बंद केली की नळ्यांमधलं पाणी परत टाकीत ओढून घेतलं जातं, म्हणजे थंडीत नळ्या फुटत नाहीत. आणि टाकी रिकामी झाली की कॉम्प्युटर आपणहून टर्बोचा दाब उतरवतो आणि ठिणगीची वेळ मागे घेतो. पाण्याच्या दाबावरच्या झडपेने जे केलं, तेच आता संगणक करतो.

हे सगळं उकरायचं कारण म्हणजे आमचा भाचा. टर्बो पेट्रोल गाडी आहे, रीमॅप झालाय, आता पाणी-मिथेनॉलचं किट बसवायचंय. ताई म्हणाली, "तूच सांग त्याला काय ते." 'नको' म्हटलं की पोरं ऐकत नाहीत, म्हणून 'कसं' ते सांगतोय.

आधी रीमॅप करणाऱ्याला विचार की पाण्याविना गाडी कशी चालणार. पाण्यासाठी वेगळा मॅप असेल तर पाण्याच्या नळीत प्रवाह मोजणारा सेन्सर हवा, आणि त्याचा सिग्नल ईसीयूपर्यंत गेला पाहिजे. प्रवाह कमी पडला की दाब आपोआप उतरला पाहिजे. डॅशबोर्डवर नुसता दिवा लावून देतात, त्याला मी सुरक्षा म्हणत नाही. दिवा बघून पाय उचलेपर्यंत पिस्टन गेलेला असतो. टाकीतला फ्लोट सेन्सरही पुरेसा नाही, कारण टाकी भरलेली असून नोझल तुंबू शकतं. आपल्याकडचं बोअरचं पाणी घातलंस तर तुंबणारच. डिस्टिल्डच घाल. नोझलच्या अगदी जवळ बंद होणारा सोलेनॉइड व्हॉल्व्ह हवा, नाहीतर ॲक्सिलरेटर सोडल्यावर मॅनिफोल्डमधली ओढ टाकीतलं पाणी हळूहळू आत खेचेल, आणि मग आपलं २६ जुलै. फवारा टर्बोचा दाब चढल्यावरच सुरू व्हावा, गाडी नुसती उभी असताना नव्हे. नोझल लहानापासून सुरू कर.

मिथेनॉल निम्म्यापेक्षा जास्त नको. त्याची वाफ ११-१२ अंशांनाही पेट घेऊ शकते, आणि आपल्याकडे डिकीत एप्रिलमध्ये काय तापमान असतं ते तुला ठाऊक आहे. निम्मं पाणी घातलेलं मिश्रणही पेटतं, फक्त जरा उशिरा. शिवाय ती ज्वाळा उन्हात जवळजवळ दिसतच नाही. १९८१ च्या इंडियानापोलिस ५०० शर्यतीत रिक मिअर्सच्या गाडीत इंधन भरताना मिथेनॉल सांडून पेटलं, आणि तो आणि त्याची माणसं जळत असताना बघणाऱ्यांना आगच दिसत नव्हती. टाकी, नळ्या, सील हे सगळं मिथेनॉल सोसणाऱ्या साहित्याचं हवं. साधं रबर आणि ॲल्युमिनियम ते हळूहळू खातं.

आणि मिश्रण घरात करायचं नाही. जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभरावर माणसं मेली, ते विष म्हणजे हेच मिथेनॉल. थोडंसं पोटात गेलं तरी डोळे जातात, आणि कातडीतूनही ते शरीरात शिरतं. हातमोजे घाल, उघड्यावर मिसळ, पाण्याच्या नाहीतर कोल्ड्रिंकच्या बाटलीत कधीही भरू नकोस. कॅनवर मराठीत मोठ्या अक्षरांत 'विष' लिही, आणि तो कॅन कुलुपात ठेव.

बसवून झाल्यावर पैसे द्यायच्या आधी मेकॅनिककडून एक चाचणी करून घे. डायनोवर गाडी अर्ध्या जोराने चालू असताना पंपाची वायर काढायला सांग. टर्बोचा दाब लगेच खाली आला, तर किट ठेव. नाही आला, तर त्याच दिवशी काढून घे.