‘गहराई’ : एक उपेक्षित भयपट

नाताळ आणि भुताटकी यांचें नातें इंग्रजी वाङ्मयांत जुनें आहे. डिकन्सनें १८४३ सालीं नाताळची जी सुप्रसिद्ध गोष्ट लिहिली, ती भुतांचीच होय. चित्रपटांच्या युगांतहि ही सांगड सुटली नाहीं. लहान मुलीच्या अंगांत सैतान शिरल्याची कथा सांगणारा ‘दि एक्झॉर्सिस्ट’ हा अमेरिकन चित्रपट १९७३ सालीं, नाताळच्या दुसऱ्याच दिवशीं, प्रदर्शित झाला आणि जगभर गाजला. त्याच्या दीर्घ छायेंत आपल्याकडील एक गुणी चित्रपट झांकला गेला. तो म्हणजे १९८० सालचा ‘गहराई’.

चित्रपट हिंदी, परंतु त्यामागील हात बव्हंशीं मराठी. दिग्दर्शन अरुणा राजे व विकास देसाई यांचें, लेखनांत विजय तेंडुलकरांचा वाटा, आणि प्रमुख भूमिकांत डॉ. श्रीराम लागू व पद्मिनी कोल्हापुरे. बंगलोरचा सुखवस्तु चन्नबसप्पा गांवाकडील वडिलोपार्जित जमीन साबणाच्या कारखान्यासाठीं विकून टाकतो. तिची राखण करणाऱ्या बसवाचा जीव मात्र त्या मातींत गुंतलेला. पुढें चन्नबसप्पाच्या कोवळ्या मुलीच्या तोंडून परका आवाज उमटूं लागतो व तो बापाला जाब विचारतो : विकलेल्या मातीचा आणि बसवाच्या बायकोवर झालेल्या जुन्या अन्यायाचा.

दोन्ही चित्रपटांतील साम्य येथेंच संपतें. तेथील सैतान बाहेरून येतो. येथील पिशाच्च घरच्याच पापांतून उठतें. म्हणूनच त्याची भीति मंत्रानें सरत नाहीं.

ठाणें-कल्याण-डोंबिवलीच्या रहिवाशास ही कथा परकी वाटूं नये. १ ऑगस्ट १९६२ रोजीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालें. त्याच्या कार्याचा आरंभ ठाण्याच्या वागळे इस्टेटींतून झाला. मागोमाग डोंबिवलीसहि औद्योगिक वसाहत उभी राहिली. भाताचीं खाचरें गेलीं, कारखाने आले. हजारों कुटुंबांना त्यायोगें भाकरी मिळाली, हें निर्विवाद आहे. परंतु व्यवहाराचा कागद पुरा झाला म्हणजे मातीचा हिशेब मिटतो काय, हा प्रश्न पडद्यावर क्वचितच विचारला गेला. ‘गहराई’नें तो विचारला, आणि तोहि भयकथेच्या मिषानें.

चित्रपटानें अंधश्रद्धेची भलावण केली, असा आक्षेप संभवतो. पिशाच्च तो खरें मानतो, यांत शंका नाहीं. परंतु अमरीश पुरींनीं रंगविलेला मांत्रिक उपचाराच्या नांवाखालीं त्या मुलीचाच घात करूं पाहतो, हेंहि तितक्याच निर्भीडपणें त्यांत दाखविलें आहे. उलटपक्षीं चन्नबसप्पा भुतांवर विश्वास ठेवीत नाहीं. पण स्वतःच्या अन्यायाकडेहि तो पाहत नाहीं. विवेकवादी म्हणून ख्यात असलेल्या लागूंनीं ही भूमिका करावी, यांत मोठें औचित्य आहे. केवळ अश्रद्ध असणें म्हणजे विवेक नव्हे. विवेकाची दृष्टि आधीं स्वतःकडे वळावी लागते.

परक्या चित्रपटाची नक्कल म्हणून ‘गहराई’ बाजूस सारणें अन्यायाचें होईल. भुतानें घाबरविणारे चित्रपट पुष्कळ आहेत. भूत कोणीं निर्माण केलें, हें विचारणारे थोडे. त्या थोड्यांत याचें स्थान मानाचें आहे.