बळ आणि युक्ति : सायकलच्या गिअरचा वाद

चढ समोर आला म्हणजे पूर्वीच्या सायकलस्वारापुढें दोनच मार्ग असत : छाती फुटेपर्यंत पाय मारावयाचे, नाहीं तर निमूटपणें उतरून गाडी हातीं धरावयाची. तिसराहि मार्ग आहे, हें लोकांस पटविण्यासाठीं एका फ्रेंच गृहस्थानें आपलें निम्में आयुष्य वेंचलें. आणि त्या मार्गास फ्रान्सच्या सर्वांत मोठ्या शर्यतींत मान्यता मिळण्यास १९३७ साल उजाडावें लागलें. हा इतिहास जितका यंत्राचा, तितकाच मनुष्याच्या अभिमानाचा आहे.

या गृहस्थांचें नांव पॉल द विव्ही. जन्म १८५३ सालचा. रेशमाचा व्यापार सोडून त्यांनीं सँ-एतिएन या शहरीं सायकलींचें दुकान थाटलें व १८८७ सालीं ‘ल सिक्लिस्त’ हें नियतकालिक काढलें. त्यांत ते ‘व्हेलोसिओ’ या टोपणनांवानें लिहीत. सँ-एतिएन म्हणजे डोंगरांच्या कुशींतील कारागिरांचें गांव. गांवाबाहेर पडतांच घाट सुरू होई, आणि सपाटीवर वाऱ्यासारखी पळणारी एकाच गतीची गाडी तेथें अडून बसे.

यांतील गणित शाळेंतील मुलासहि समजण्याजोगें आहे. पेडलच्या चाकास ४८ दांते व मागच्या चाकावरील चक्रीस १६ दांते असले, तर पायांच्या एका फेऱ्यांत मागचें चाक तीन वेळां फिरतें. त्या चाकाचा व्यास २७ इंच धरल्यास गाडी सुमारें २१ फूट पुढें जाते. तेंच पुढें ३२ व मागें २४ दांते घेतले, तर ती साडेनऊ फुटांच्या आंतच थांबते. अंतर घटलें, परंतु पायांवरील भारहि त्याच प्रमाणांत घटला. बळ कांहीं वाढत नाहीं. तें पायांना झेपेल अशा हप्त्यांनीं खर्च होतें, एवढेंच.

व्हेलोसिओंच्या बदलत्या गतीच्या आरंभींच्या गाडीस पुढें लहानमोठीं दोन दांतेरी चाकें होतीं. सांखळी मात्र हातानें उचलून एकावरून दुसऱ्यावर घालावी लागे. चालत्या गाडींतच सांखळीस शेजारच्या चक्रीवर ढकलणारी युक्ति विसाव्या शतकाच्या आरंभीं फ्रान्समध्यें रूढ होऊं लागली. तिला तिकडे ‘देरायर’, म्हणजे रुळावरून घसरविणारा, असें नांव पडलें.

या युक्तीचे मोठे विरोधक म्हणजे आंरी देग्रांज. हे स्वतः एके काळचे विक्रमवीर. १८९३ सालीं त्यांनीं एका तासांत ३५ किलोमीटरांहून अधिक मजल मारली होती. १९०३ सालीं त्यांच्या वृत्तपत्रानें ‘टूर द फ्रान्स’ ही शर्यत सुरू केली. बदलते गिअर पंचेचाळिशी उलटलेल्यांनीं वापरावेत, तरुणानें स्नायूंच्या बळावर जिंकावें, असें त्यांचें मत. १९१० सालीं त्यांच्या शर्यतीनें २११५ मीटर उंचीचा तुरमालेचा घाट चढविला, तरी मत ढळलें नाहीं. पुढें कित्येक वर्षें स्वार घाटाच्या पायथ्याशीं उतरत, मागचें चाक काढून उलटें बसवीत, आणि माथ्यावर पुन्हा तोच खटाटोप करीत. कारण चाकाच्या दोन बाजूंस दोन वेगळाल्या चक्र्या असत.

देग्रांज यांचा मुद्दा अगदींच पोकळ नव्हता. शर्यत माणसांची व्हावी, कारखानदारांची नव्हे, ही त्यांची तळमळ खरी होती. म्हणूनच १९३० सालीं त्यांनीं कारखान्यांचे संघ काढून राष्ट्रांचे संघ आणले. परंतु सायकल ही केवळ विक्रमवीरांची नव्हे, हें ते विसरले. ज्याला रोज घाट ओलांडून जावयाचें आहे, त्याच्या पायांचाहि विचार कोणीतरी करावयास हवा होता.

तो व्हेलोसिओंनीं केला. १९३० सालीं ट्रामच्या धक्क्यानें त्यांचा अंत झाला. विजय पाहणें त्यांच्या नशिबीं नव्हतें. १९३६ सालीं देग्रांज आजारामुळें शर्यतीच्या कारभारांतून दूर झाले, आणि १९३७ सालीं देरायरला परवानगी मिळाली. त्या वर्षींचा विजेता रोजे लापेबी देरायर लावलेल्या गाडीवरच बसला होता.

आतां प्रश्न उरतो तो वापराचा. पुढें दोन व मागें पांच चक्र्या म्हणजे दहा गती, हा हिशेब फसवा आहे. ४८ व २४ काय, किंवा ३२ व १६ काय, प्रमाण दोनास एकच. त्यांपैकीं मोठ्यास मोठी जोडली कीं सांखळी तिरपी ओढली जाते, कुरकुरते व लवकर झिजते; म्हणून दुसरी जोडी बरी. पुढचें मोठें चाक सपाटीसाठीं, लहान चाक चढासाठीं, हा साधा नियम. आणि बदल करावयाचा तो चढ अंगावर येण्यापूर्वींच. पायांवर सारा भार पडल्यावर सांखळी सहजीं सरकत नाहीं.

आज मागें बारा चक्र्या असतात, आणि कित्येक गाड्यांत गिअर विजेच्या कळीनें बदलतात. शर्यतींत कोणी त्यास दुबळेपणा म्हणत नाहीं. सँ-एतिएनबाहेरील घाटांत १९२२ पासून व्हेलोसिओंच्या सन्मानार्थ चढाईचा मेळावा भरूं लागला. त्या घाटांत त्यांचें स्मारक आहे. तेथवर तरुणांबरोबर साठी उलटलेलेहि सायकलीवर बसूनच पोंचूं लागले, यांतच त्या वादाचा निकाल लागला.