चौल, पाव आणि कस्टर्डचे कवच

'कस्टर्ड' म्हटले की आज आपल्या डोळ्यांसमोर पिवळे, मऊ, चमच्याने खायचे काहीतरी येते. पण या शब्दाचे मूळ जुन्या फ्रेंचमधील 'क्रुस्ताद'मध्ये, म्हणजे कवचात, आहे. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये सारण भरून भाजलेल्या पदार्थाला हे नाव होते. पुढे ते सारणाकडे सरकले आणि कवच निनावी झाले. मराठी घरांत तर कवच आलेच नाही. आपल्या 'फ्रूट कस्टर्ड'मध्ये केळी, सफरचंद आणि डाळिंबाचे दाणे वाटीत पोहत असतात. हे कवच वाटेत कुठे गळाले, हा प्रश्न चौलच्या संदर्भात विचारण्यासारखा आहे.

कारण ते येण्याची जुनी संधी याच किनाऱ्यावर होती. १५२१ साली निजामशाहीच्या परवानगीने पोर्तुगीजांनी खालच्या चौलात, म्हणजे आजच्या रेवदंड्यात, किल्ला बांधायला घेतला. १७४० साली तो मराठ्यांकडे येईपर्यंत दोनशे वर्षांहून अधिक काळ त्या तटाच्या आत चर्चे, मठ आणि वस्ती नांदली. अंड्याचा बलक आणि साखर यांची मिठाई ही तर पोर्तुगालच्या मठांची खासियत. खाडीपलीकडच्या कोर्लईतील ख्रिस्ती कुटुंबांनी पोर्तुगीजोद्भव बोली आजवर टिकवली आहे. ती बोलणारे तिला 'नौ लिंग', म्हणजे 'आपली भाषा', म्हणतात. मराठीनेही पाव, बटाटा, काजू, अननस हे शब्द वस्तूंसकट घेतले. हापूसमध्ये तर अफोन्सो हे पोर्तुगीज नावच दडलेले आहे. बलकाची मिठाई मात्र घेतली नाही.

'अंडे आड आले' हे उत्तर सोपे आहे, पण अपुरे. खरा अडसर भट्टीचा, किंबहुना भट्टीपाशी उभ्या असलेल्या माणसाच्या जातिधर्माचा होता. विहिरीत पाव टाकून गावे बाटवल्याच्या कथा वसईपासून गोव्यापर्यंत सांगितल्या जातात; त्यांत खरे किती हा मुद्दा बाजूला ठेवला, तरी त्यांमागची भीती खरी होती. म्हणून तर १८४९ साली मुंबईत स्थापन झालेल्या परमहंस सभेत ख्रिस्ती माणसाच्या हातचा पाव खाणे ही प्रवेशाची कसोटी ठरली. १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमधील चहा-बिस्किटांवरून रानडे, टिळक प्रभृतींवर ग्रामण्य झाले. एवढ्याशा बिस्किटाला केवढा हा मान!

तंत्र परके नव्हते. काकडीचे धोंडस कोकणात झाकणावर निखारे ठेवून, खालून-वरून धग देऊन भाजतात. खरवसात चिकामधील प्रथिने उष्णतेने थिजतात, तशीच कस्टर्डमध्ये अंड्याची. खरवस हे आपले बिनअंड्याचे कस्टर्डच होय. हातांना कला होती, परवानगी नव्हती.

ती परवानगी अखेर पावडरीने दिली. पत्नीला अंडे चालत नसे म्हणून बर्मिंगहॅमच्या अल्फ्रेड बर्डने १८३७ मध्ये मक्याच्या पिठाचे, बिनअंड्याचे कस्टर्ड तयार केले. त्याच वर्षी लिस्बनच्या बेलेंमध्ये मठाच्या पाककृतीने कस्टर्ड-टार्ट भाजणारे प्रसिद्ध दुकान सुरू झाले. एका वाटेवर अंडे आणि कवच दोन्ही, दुसऱ्या वाटेवर दोन्हींचा अभाव. आपल्याकडे रुळली ती दुसरी वाट.

तेव्हा मे महिन्यात, आंबा हाताशी असताना, हे कवच घरी करून पाहण्यात थोडा ऐतिहासिक खोडसाळपणा आहे. २०० ग्रॅम मैद्यात १०० ग्रॅम थंड लोणी आणि दोन चमचे पिठीसाखर बोटांनी चोळावी. बेताचे गार पाणी घालून गोळा करावा आणि अर्धा तास थंड जागी ठेवावा. लाटून साच्यात बसवावा, वर कागद आणि मूठभर राजमा पसरून १८० अंशांवर पंधरा मिनिटे भाजावा. मग राजमा काढून आणखी दहा. अर्धा लिटर दूध, चार बलक, १०० ग्रॅम साखर व ४० ग्रॅम कॉर्नफ्लोअर मंद आचेवर ढवळत राहावे. दाट होताच उतरवण्याचा मोह टाळून बुडबुडे येईपर्यंत शिजवावे, कारण बलकातील एक विकर कच्चे राहिले तर पिष्टाचे विघटन करून कस्टर्ड पुन्हा पातळ करते. गार झाल्यावर भरावे, वर हापूसच्या फोडी. अननस वापरायचा असेल, तर तो आधी साखरेत शिजवून घ्यावा. कच्चा अननस दुधाला कडू करतो.