नाकाची फेरशस्त्रक्रिया : जखम भरणे व प्रतिकारप्रतिसाद

एकदा शस्त्रक्रिया झालेल्या नाकावर पुन्हा करावी लागणारी शस्त्रक्रिया. पडदा वाकडाच राहणे, श्वास कोंडणे, आकार बिघडणे किंवा काढलेले मांसांकुर पुन्हा वाढणे ही तिची नेहमीची कारणे.

चिरेनंतर रक्त गोठते. पहिल्या एक-दोन दिवसांत न्यूट्रोफिल पेशी जंतूंवर तुटून पडतात. मागोमाग आलेल्या महाभक्षी पेशी मृत ऊतक साफ करतात आणि भरणीला चालना देतात. चौथ्या-पाचव्या दिवसापासून नव्या केशवाहिन्या व कोलॅजनचे कच्चे तंतू दिसू लागतात. त्यांच्या जागी पक्के कोलॅजन येण्याचे काम वर्षभर चालते. तरीही व्रणाची ताकद मूळ कातडीच्या साधारण 80 टक्क्यांपुढे जात नाही.

दुसऱ्या खेपेस सर्जनची गाठ या व्रणाशीच पडते. थर एकमेकांना चिकटलेले, रक्तपुरवठा तोकडा, लसीकावाहिन्या तुटलेल्या; म्हणून सूज रेंगाळते, शेंड्याची तर वर्ष-दीड वर्षही. दोन शस्त्रक्रियांत सहसा वर्षभराचे अंतर ठेवतात ते यासाठी. रुग्णाला ही प्रतीक्षा जाचते, पण तिला पर्याय नाही. पडद्यातली कूर्चा आधीच वापरली गेली असेल तर कानाची किंवा बरगडीची घ्यावी लागते. ती स्वतःचीच असल्याने शरीर तिला नाकारत नाही, फक्त काही अंशी झिजू शकते. कूर्चेऐवजी सिलिकॉन बसवले तर त्याभोवती मात्र शरीर तंतूंचे वेष्टन घालते. पातळ, व्रणयुक्त कातडीखालून सिलिकॉन बाहेर डोकावण्याचा धोका असतो.

रक्तपुरवठ्याचे महत्त्व जुन्या वैद्यांनाही ठाऊक होते. टिपूच्या कैदेत नाक गमावलेल्या कावसजी या गाडीवानाला पुण्याजवळ वीटकाम करणाऱ्या जातीतल्या एका कारागिराने कपाळाच्या कातडीचे नाक बसवले. 1794 मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ने छापलेल्या वृत्तान्तानुसार कपाळाशी जोडणारा व रक्त पुरवणारा देठ साधारण पंचविसाव्या दिवशी कापत. आजही तो बहुधा तीन आठवड्यांनीच कापतात.

मांसांकुरांची गोष्ट वेगळी. तेथे दोष बहुधा चिरेचा नसून प्रतिकारसंस्थेचा असतो. इओसिनोफिल पेशींनी पेटवलेला दाह मांसांकुर काढल्याने थांबत नाही. म्हणून स्टेरॉइडचा फवारा आणि उकळून गार केलेल्या पाण्यात मीठ घालून नाक धुणे पुढेही चालू ठेवावे लागते. शस्त्रक्रियेनंतर नाकाच्या अस्तरावरच्या सूक्ष्म केसांना पूर्ववत होण्यास काही आठवडे ते महिने लागतात. तोवर शेंबूड आतच साचून खपल्या धरतात. त्या नखाने उकरल्या तर अस्तर पुन्हा सोलते, आणि समोरासमोरच्या दोन सोललेल्या भागांमध्ये चिकटपट्टे तयार होतात. तंबाखू व मशेरीतील निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात. व्रणयुक्त ऊतकाला ते परवडणारे नसते.

फेरशस्त्रक्रियेआधी पालघर जिल्ह्यातील डहाणू व तलासरी या आदिवासीबहुल तालुक्यांतल्या रुग्णांना दोन गोष्टी आवर्जून विचाराव्यात. पहिली सिकलसेल. हा आजार असलेल्या रुग्णाला शस्त्रक्रियेच्या काळात पाणी, ऊब किंवा प्राणवायू कमी पडला तर लाल पेशी विळ्यासारख्या होऊन वाहिन्या तुंबवतात. म्हणून तपासणी आधीच झालेली हवी आणि भूलतज्ज्ञाला तिचा निकाल कळलेला हवा. दुसरी रबराची ॲलर्जी. वारंवारच्या शस्त्रक्रियांत हातमोज्यांतील लॅटेक्सशी संबंध येऊन ती जडू शकते, आणि डहाणूत फुगे बनवण्याचा धंदा जुना आहे. अशा कामावर हाताला खाज किंवा शिंका येत असतील तर लॅटेक्सविरहित मोजे मागवावे लागतात.

शस्त्रक्रिया मुंबईत करून गावी परतलेल्या रुग्णाचे नाक दोन्ही बाजूंनी अचानक बंद होऊन ठणकू लागले, तर पडद्यात रक्त साकळल्याची शंका घ्यावी. ते लगेच काढले नाही तर कूर्चेला पोषण मिळत नाही आणि नाकाचा कणा खचतो.